वंशावळ: दाव्यासाठी आणि दिवाळीसाठी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात, भिंतीवर एक लांबलचक मराठी लेख कोरलेला आहे. देऊळ चोळांचं, शेजारचे लेख तमिळ, आणि मधेच भोसले घराण्याची साद्यंत हकिकत. १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी तो कोरवून घेतला. ‘भोसले वंशचरित्र’ म्हणून तो ओळखला जातो आणि जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. मराठी पर्यटक त्याच्यासमोर अभिमानाने उभे राहतात, आणि त्यात गैर काही नाही. पण हा लेख नेमका त्याच सुमारास का कोरला गेला, हा प्रश्न विचारला की अभिमानाच्या मागची अस्वस्थता दिसू लागते.

सरफोजी हे तुळजाराजांचे दत्तक पुत्र. १७८७ साली तुळजाराजे वारले. त्यांचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी दत्तकविधानालाच हरकत घेतली, पंडितांनी ते अशास्त्रीय ठरवलं आणि गादीवर अमरसिंह बसले. अकरा वर्षांनी कंपनी सरकारने हा निर्णय फिरवला. १७९८ मध्ये सरफोजींना गादी मिळाली आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. म्हणजे १८०३ साली ज्या राजाच्या आज्ञेने छिन्नी चालली, त्याचं पुत्रत्व एकदा नाकारलं गेलं होतं आणि राज्य नावापुरतं उरलं होतं. अशा माणसाने आपल्या कुळाची कथा कागदावर ठेवली नाही, दगडावर घातली. ती खोडता येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

मराठीतल्या वंशावळींचा इतिहास पाहू लागलं की हे पुन:पुन्हा दिसतं. वंशावळ सहसा कुणी सहज म्हणून लिहीत नाही. कुठेतरी वाद असतो, हक्क धोक्यात असतो, समोर कुणीतरी पुरावा मागत असतो. मग घरातला जाणता माणूस आठवून आठवून सांगतो आणि लिहिणारा लिहितो.

शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदांमध्ये ‘करीना’ नावाचा प्रकार आहे. करीना म्हणजे घराण्याची हकिकत: मूळ पुरुष कोण, वतन कसं मिळालं, भाऊबंदांत काय तंटे झाले, कोण मारलं गेलं, शिक्का कुणाकडे राहिला. वतनाचा निवाडा व्हायचा तेव्हा हे सांगावं लागे. गोतसभेपुढे साक्षी होत, महजर लिहिला जाई, आणि त्या ओघात चार-पाच पिढ्यांची नावं कागदावर येत. रोहिडखोऱ्यातल्या कारीच्या जेधे देशमुखांचा करीना यांतला सर्वांत प्रसिद्ध. याच घराण्याकडे एक शकावलीही होती. कोणत्या साली काय घडलं, याच्या त्रोटक नोंदी. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ सालचा मानण्याची प्रथा होती. जेधे शकावलीत तो शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीयेचा होता, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. अनेक वर्षं वाद चालला, इतर साधनांशी ताळा पाहिला गेला, आणि पुढे शासनानेही हीच तारीख स्वीकारली. एका कुटुंबाने आपल्यापुरत्या जपलेल्या कागदाने एका समाजाचा उत्सवाचा दिवस बदलला.

वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करत होते, ते याच खात्रीने. इतिहास सरकारी खजिन्यात जितका आहे, तितकाच तो माळ्यावर, फडताळात, देव्हाऱ्याखालच्या पेटीत आहे. कागद जुन्नरी, लिपी मोडी, आणि बांधायला कापडाचा रुमाल. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद आजही रुमालांत मोजतात. घरगुती संशोधनाची जुळवाजुळव करू पाहणाऱ्याने यातून पहिला धडा घ्यावा. जे कागद एकत्र सापडले, ते एकत्रच ठेवावेत. आजोबांच्या पेटीतून निघालेल्या गठ्ठ्याला त्याचा स्वतःचा क्रम असतो. खताच्या पावतीशेजारी पत्रिका का होती, हे आज कळत नसलं तरी तो शेजार मोडू नये. आधी जसं आहे तसं फोटो काढून ठेवावं, मग वर्गवारी करावी.

*

इंग्रजी अमलात पुरावा मागणारा बदलला, पण मागणं तेच राहिलं. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना सनदा घेऊन हजर व्हावं लागलं. इनाम कुणाला मिळालं, त्याचा वंश कोणता, आज भोगवटा करणारा त्याच वंशातला आहे का, हे दाखवावं लागे. ज्यांना दाखवता आलं नाही, त्यांची इनामं गेली किंवा कमी झाली. कमिशनपुढे कैफियती दाखल झाल्या आणि त्यांत वंशवेली आल्या. आज एखाद्या घराण्याची अठराव्या शतकातली नावं सापडतात, ती पुष्कळदा या भीतीची कृपा असते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘कुलवृत्तांत’ हा छापील प्रकार उदयाला आला, विशेषतः चित्पावन घराण्यांमध्ये. एकेका आडनावाची कार्यकारी मंडळं स्थापन झाली, छापील पत्रकं गावोगाव गेली, माहिती मागवली गेली, वर्गण्या जमा झाल्या. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, शाखा, आणि मग प्रत्येक पुरुषाची दोन-चार ओळींत माहिती: जन्म, शिक्षण, नोकरी, स्थलांतर. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिलं की हे घरगुती ग्रंथ सामाजिक इतिहासाचं मोठं साधन आहेत. कोकणातून देशावर, देशावरून इंदूर-ग्वाल्हेर-नागपूरला, भिक्षुकीतून कारकुनीत आणि कारकुनीतून वकिलीत एक समाज कसा सरकला, ते त्यांतून पिढीगणिक मोजता येतं.

मात्र हे ग्रंथ उघडून बसलं की थोड्याच वेळात एक गोष्ट खटकते. झाडाला फांद्या फक्त मुलग्यांच्या. मुलगी असते ती वडिलांच्या माहितीतल्या एका कंसात: नाव, आणि अमुक गावच्या अमक्यांना दिली. तिथे ती संपते. सून येते ती नवऱ्याच्या ओळीत, नव्या नावाने. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिण्याची रीत ज्या घरांत होती, तिथे माहेरची यमुना सासरी सरस्वती व्हायची. माहेरच्या ग्रंथात ती यमुना म्हणून संपते, सासरच्या ग्रंथात सरस्वती म्हणून उगवते, आणि या दोघी एकच हे सांगणारं पान कुठेच नसतं. ज्या समाजाने आपला इतिहास सर्वांत नेटाने छापला, त्या समाजातही निम्म्या माणसांचा पत्ता असा मधेच तुटतो.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. कुलवृत्तांत छापण्यासाठी आडनावाची मंडळं, लिहिणारे हात आणि जमलेले पैसे लागतात. ते सगळ्यांकडे नव्हते. याचा अर्थ इतरांना वंशस्मृती नव्हती असा मात्र नाही. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हेळवी येतात. बैलावर बसून दारात यायचं आणि यजमानाच्या घराण्याची नावं पिढीमागून पिढी म्हणून दाखवायची, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे गावांनुसार आणि आडनावांनुसार लावलेल्या वह्या आहेत. यात्रेकरू आला की कुणाचा कोण, बरोबर कोण आलं, घरी कोण आहे, याची नोंद होते, पुष्कळदा त्याच्याच अक्षरात. हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्या याच जातीच्या. उटाहच्या वंशशास्त्र संस्थेने त्यांतल्या बऱ्याच नोंदींच्या सूक्ष्मफिती करून घेतल्या आहेत. आणि बायकांची स्मृती जात्यावर होती. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्या ओव्यांत भाऊ, भाचे, माहेरचं गाव, आईचं घर यांचा सतत उच्चार आहे. पुरुषांच्या वंशावळीत जी मुलगी कंसात संपते, तिने स्वतःची वंशावळ पहाटे दळताना म्हटलेली असते. फक्त ती कोणत्याही कचेरीत दाखल झाली नाही.

*

आज वंशावळीची सर्वाधिक गरज पडते ती जातपडताळणीच्या कचेरीत. २००० सालच्या जातप्रमाणपत्र कायद्याखाली अर्ज करताना शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते, आणि तिच्यातल्या एखाद्या पूर्वजाचा विशिष्ट तारखेआधीचा पुरावा जोडावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. इंजिनिअरिंगला प्रवेश घेणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीचं भवितव्य पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर अवलंबून असतं. ज्यांचे पणजोबा शाळेत गेलेच नाहीत, पालावर जन्मले आणि पालावरच गेले, त्यांच्यासाठी ही अट किती कठोर आहे, हे भटक्या-विमुक्तांमधल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं आहे. फिरत्या माणसाकडे कागद मागणं म्हणजे त्याच्याकडे त्याला कधीच न मिळालेलं घर मागणं.

२०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या महिन्यांत मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. विसाव्या शतकाच्या मध्यावर शाळांतून गेलेली लिपी पुन्हा पोटापाण्याची झाली. गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात ते जन्ममृत्यूचं रजिस्टर, हक्कनोंदणीची पत्रकं, शाळांची जनरल रजिस्टरं, यांतून लोक आपल्या घरातल्या माणसांची नावं शोधू लागले. या मागणीच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, त्यातून घडलेली एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. ज्या घरांत वंशावळ ही ‘मोठ्या घराण्यांची’ बाब समजली जायची, त्या घरांत चुलते-पुतणे कागदावर झाड काढायला बसले.

गावकीच्या कागदात इतरही नावं आहेत. १८७४ च्या वतन कायद्याखाली महार वतनदारांच्या नोंदी झाल्या. त्या वतनाने माणसाला गावाच्या वेठीला जुंपलं, म्हणूनच १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात दुरुस्तीचं विधेयक आणलं. जो कागद पूर्वजाचं नाव सांगतो, तोच त्याच्यावरच्या सक्तीचाही कागद असतो. मॉरिशसच्या मराठी माणसांना हे चांगलं ठाऊक आहे. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत गिरमिटिया मजूर तिथे नेले गेले. त्यांत रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. प्रत्येकाला क्रमांक मिळाला. नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण अशा नोंदी झाल्या, आणि पुढे फोटोही काढले गेले. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत ही रजिस्टरं आहेत. मजूर पळून जाऊ नये म्हणून ठेवलेला हिशेब आज पणतवंडांना पणजोबाचा चेहरा दाखवतो.

गोव्यात गावकारीची रीत वेगळी. गावचे मूळ गांवकार, त्यांची वांगडं, आणि कोमुनिदादीच्या उत्पन्नातली जोण. ती मिळायची वांगडातल्या पुरुष वंशजांना, म्हणून वांगडाची यादी काटेकोर. चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं आणि पोर्तुगीज काळातली नागरी नोंदणी यांमुळे गोव्यातल्या माणसाला आजोबांचा जन्मदाखला मिळण्याची शक्यता कोकणातल्या माणसापेक्षा जास्त. पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवण्यासाठी लोक तो शोधतात. इथेही दावा आहेच.

*

आता या सगळ्याच्या तुलनेत एक साधी, अलीकडची गोष्ट पाहू. दिवाळीला कुणीतरी घरच्यांना देण्यासाठी वंशवृक्ष तयार करतं. चुलत-मावस भावंडांचा गट असतो, कुणीतरी जुने फोटो गोळा करतं, पुढच्या वर्षाचं कॅलेंडर छापतं, त्यात सगळ्यांचे वाढदिवस आणि गेलेल्यांच्या तिथ्या. फराळाच्या डब्याबरोबर ते घरोघर जातं. यात कोणताही वाद नाही, कचेरी नाही, मुदत नाही. मराठी वंशावळीच्या लांबलचक इतिहासात दाव्याशिवाय लिहिलेली ही बहुधा पहिलीच वंशावळ. म्हणूनच तिच्याकडून जास्त अपेक्षा ठेवायला हवी. हक्क सिद्ध करायचा नसेल, तर ज्यांना आजवर वगळलं त्यांना वगळायचं कारणच उरत नाही.

आपल्या पंचांगात या कामाचं वेळापत्रक आयतं आहे. भाद्रपदात पितृपक्ष येतो, सर्वपित्री अमावास्येला संपतो, आणि त्यानंतर बरोबर एका अमावास्येने लक्ष्मीपूजन. महालयाच्या श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी आणि आईच्या माहेरचे तीन पुरुष व त्यांच्या बायका यांचाही उच्चार करतात. गुरुजी नाव विचारतात आणि यजमान पणजीच्या नावाशी अडतो. ज्यांच्या घरी श्राद्ध होत नाही, त्यांनीही हा पंधरवडा विचारपूस करायला घ्यावा. घरात गेलेल्यांचा विषय तेव्हा निघतोच. पंधरा दिवस विचारायचं, पुढचे पंधरा दिवस ताडून पाहायचं, आणि दिवाळीपूर्वी छापायचं. आकाशकंदील पितरांना वाट दाखवतो अशी जुनी समजूत आहे. त्या वाटेवर निदान नावं तरी बरोबर असावीत.

आखणीसाठी कुलवृत्तांताची उतरती पद्धत घेऊ नये. मूळ पुरुषापासून खाली यायला लागलं की झाड आपोआप आडनावाचं होतं. युरोपात एक चढती पद्धत रूढ आहे. सतराव्या शतकात सोसा या स्पॅनिश भिक्षूने ती वापरली आणि १८९८ मध्ये स्ट्राडोनिट्झ या जर्मन वंशशास्त्रज्ञाने प्रचारात आणली. हिशेब अगदी सोपा. ज्याला भेट द्यायची, तो किंवा ती क्रमांक १. वडील २, आई ३. पुढे प्रत्येकाच्या क्रमांकाची दुप्पट म्हणजे त्याचे वडील, दुपटीत एक मिळवला की त्याची आई. वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५, आईचे वडील ६, आईची आई ७. पाच पिढ्यांत ३१ घरं होतात. क्रमांक १ सोडला तर पंधरा पुरुष आणि पंधरा बायका. या मांडणीत मुलीला कंसात टाकायला जागाच नाही. रिकामं घर रिकामं दिसतं आणि ते भरायला लावतं.

आपल्याकडे ही मांडणी भरताना एक गंमत होते. महाराष्ट्रात अनेक जातींमध्ये मामाच्या मुलीशी लग्न होतं. वडिलांनी मामाची मुलगी केली असेल, तर वडिलांची आई आणि आईचे वडील ही सख्खी भावंडं. मग १० आणि १२ या घरांत एकच माणूस, ११ आणि १३ मध्ये एकच बाई. हे पाहून गोंधळू नये, तेच नाव दोन्हीकडे लिहावं. सोयरिकी किती जवळ फिरत होत्या, हे एवढ्या चार चौकोनांतून कळतं.

प्रत्येक माणसाचं एक पान करावं आणि त्यावर माहितीचे तीन भाग ठेवावेत: कागदावरचं, ऐकलेलं, आणि अंदाजाने ठरवलेलं. ऐकलेलं असेल तर कुणाकडून आणि कधी, हे लिहावं. ‘आत्या म्हणाली’ ही नोंद दहा वर्षांनी सोन्याच्या किमतीची होते. जन्मतारखा ‘प्लेगच्या साली’, ‘बहात्तरच्या दुष्काळात’ अशा सांगितल्या जातात. त्या तशाच लिहाव्यात, आपण काढलेला आकडा शेजारी अंदाज म्हणून मांडावा. शाळेच्या दाखल्यावरची १ जून ही तारीख पाहून भुलू नये. ती पुष्कळदा मास्तरांनी दिलेली असते. जमिनीच्या वारसांसाठी फेरफार पाहावेत. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्यानंतर हक्कनोंदणी सुरू झाली, त्यामुळे विसाव्या शतकातल्या तीन-चार पिढ्या तिथे सलग मिळू शकतात. भूमी अभिलेख विभागाने जुने कागद ऑनलाइन उपलब्ध करायला सुरुवात केल्याने आता दर वेळी तलाठ्याच्या मागे लागावं लागत नाही. बाईच्या पानावर मात्र दोन्ही नावं हवीत, माहेरचं आणि सासरचं, आणि माहेरचं गाव. एवढ्या एका सवयीने अर्धी तुटलेली साखळी जुळते. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावानंतर आईचं नाव येतं. पुढच्या शतकातल्या शोधकाचं काम तेवढं सोपं होईल. मागच्यांसाठी आपल्यालाच विचारत फिरायला हवं.

फोटो आणि कागद जपण्याचे नियम थोडे आहेत. लॅमिनेशन करू नये, चिकटपट्टी लावू नये. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नये, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावं. मूळ वस्तू भेट म्हणून वाटून टाकू नये. भेट द्यायची ती स्कॅन करून छापलेल्या प्रतीची, आणि मूळ कुणाकडे आहे ते प्रतीवर नोंदवावं. भेट कागदाचीच असावी असंही नाही. आजीच्या लुगड्यांची गोधडी ही आपल्याकडची सर्वांत जुनी कौटुंबिक भेट. तिच्या कोपऱ्यात एक कापडी चिठ्ठी शिवून हे ठिगळ कुणाच्या कोणत्या लुगड्याचं एवढं लिहिलं, तर ती गोधडी दस्तऐवज होते. पाककृतीची वही करायची तर प्रत्येक पदार्थाखाली तो घरात कुणाच्या माहेराहून आला, ते लिहावं. कोल्हापूरच्या घरात वऱ्हाडी पदार्थ कसा शिरला, याचं उत्तर बहुतेक वेळा एका सुनेचं नाव असतं.

*

तरीही ही भेट निरुपद्रवी आहे असं समजू नये. १८७२ च्या पुरावा कायद्यातल्या ३२ व्या कलमात, मृत व्यक्तीने नातेसंबंधाविषयी कौटुंबिक वंशावळीत, थडग्यावर किंवा घरातल्या तसबिरीवर लिहून ठेवलेलं विधान पुरावा म्हणून ग्राह्य धरलं आहे. अट अशी की ते वाद निर्माण होण्यापूर्वी केलेलं असावं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद आहे. कायद्याचा तर्क सरळ आहे. भांडण सुरू झाल्यावर माणूस स्वतःच्या सोयीचं लिहितो, आधी लिहिलेलं त्या मानाने खरं असतं. म्हणजे भांडण नसताना, दिवाळीच्या आनंदात लिहिलेली वंशावळ न्यायालयाच्या नजरेत दाव्यासाठी रचलेल्या वंशावळीपेक्षा जास्त विश्वासाची. कॅलेंडरवर हौसेने छापलेलं नाव उद्या कुणाचं तरी एकमेव प्रमाण ठरू शकतं, आणि हौसेने गाळलेलंही.

कुणाला गाळलं जातं, हे सांगायची गरज नाही. पाटाची बायको आणि तिची मुलं. घर सोडून गेलेला काका. जातीबाहेर लग्न केलेली मुलगी. विहिरीत सापडलेली सून. दत्तक दिलेला मुलगा दोन्हीकडे असायला हवा, तो दोन्हीकडे नसतो. यातलं सगळं छापून घरोघर वाटावं असं नाही. जिवंत माणसांचा खाजगीपणा राखायलाच हवा, त्यांच्या संमतीशिवाय त्यांचं काही छापू नये. पण ‘नाव लिहायचं’ आणि ‘गोष्ट सांगायची’ या दोन वेगळ्या बाबी आहेत. गोष्ट दिवाळीच्या कॅलेंडरवर येऊ नये हे ठीक. नाव यायलाच हवं. ते गाळणं म्हणजे ते माणूस कधी नव्हतंच असं म्हणणं.

आणि बहीण. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत सहदायाद केलं, २००५ मध्ये देशभर तसा कायदा झाला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क जन्मसिद्ध असल्याचं स्पष्ट केलं. तरी गावोगाव वारसनोंदीच्या वेळी बहिणींनी हक्कसोड पत्रावर सही करण्याचा शिरस्ता कायम आहे. सही केली की माहेर उघडं राहतं, नाही केली की भाऊबीजेला बोलावणं येत नाही, असं उघडपणे म्हटलं जातं. ओवाळणीची साडी आणि ती सही यांचा हिशेब कुणी मांडत नाही, पण तो सगळ्यांना ठाऊक असतो. वंशवृक्षात बहिणीची पूर्ण फांदी, तिच्या मुलांसह, तिच्या दोन्ही नावांसह काढल्याने तिला जमीन मिळणार नाही. मात्र ‘आम्ही दोघे भाऊच’ हे वाक्य त्या झाडाखाली बसून म्हणता येणार नाही. कुणी भावाने भाऊबीजेला असं झाड बहिणीच्या हाती ठेवलं, तर त्या भेटीचा अर्थ दोघांनाही कळतो.

त्या ३१ घरांपैकी शेवटचं, म्हणजे एकतिसावं, आईच्या आईच्या आईच्या आईचं. तिथवर जाताना दर पिढीला आडनाव बदलतं, गाव बदलतं, कधी मूळ नावही बदलतं. कोणताही करीना, कुलवृत्तांत, वांगडाची यादी किंवा वारसनोंद या वाटेने जात नाही, कारण या वाटेवर कधी कुणाचा दावा नव्हता. तिचं नाव माहीत असलेली माणसं आज ऐंशी-नव्वदीत आहेत, आणि त्यांना ते कुणी विचारलेलं नाही. पितृपक्षात त्यांच्याकडे जावं. नाव मिळालं नाही तर ते घर रिकामंच छापावं, चौकट मात्र इतर घरांएवढीच ठेवावी, आणि भेटीच्या पाकिटात एक पेन्सिल टाकावी. दूरच्या कुण्या मावशीला ते नाव ठाऊक असण्याचा संभव असतो.